सारजाबाईची काचबोरं

तामलवाडीच्या शाळेसमोर सारजाबाई बारा वर्षं काचबोरं विकते. नाव पोरांनीच ठेवलेलं. पिकलेलं पण टणक बोर, त्यावर साखरेच्या पाकाचं असं कडक कवच की आधी दाताखाली कुडूम वाजावं आणि मग आतला आंबटपणा जिभेवर यावा. बघणाऱ्याला सोपं वाटतं आणि तिथंच तो फसतो. बोर पुसून अगदी कोरडं करावं लागतं. पाक उकळताना त्यात चमचा घालायचा नाही, नाहीतर साखर पुन्हा दाणेदार होऊन बसते. वर दोन थेंब लिंबू. मग गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून बघायचा, वाकला तर कच्चा, कट्कन तुटला तर झाला. सारजाबाई हे कुणालाही शिकवते, पण शिकणारा हमखास मध्येच चमचा घालतो आणि सगळ्यांदेखत बोलणी खातो. तिचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तो रास्तच असतो.

यंदा संक्रांत झाली आणि तिचा मुलगा कुलदीप याचा ढोकीहून फोन आला. तिकडं तो कारकुनाची नोकरी करतो. नातवाचं, दीड वर्षाच्या शिवराजचं, रविवारी बोरन्हाण होतं. पोराला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे मापानं ओतायचे, आणि जमलेल्या लेकरांनी ते लुटायचे.

"आई, यंदा साध्या बोरांसंगं तुझी काचबोरं पण पायजेत. दोन किलो कर. फोटोत लई चमकतील."

सारजाबाई हरखून गेली. पहिलं माप आजीचं, हे तिनं मनाशी धरूनच टाकलं. बांधावरच्या बोरीखाली दोन दिवस वाकून तिनं एकेक बोर निवडलं, हाताला काटे लागले तरी कुरकुर केली नाही. शनिवारी ढोकी गाठली आणि रविवारी पहाटेच चूल पेटवून दोन किलो काचबोरं परातीत मांडली. सूनबाई अर्पितानं परात उचलून बाहेरच्या खोलीत नेली.

सारजाबाई लुगडं बदलून बाहेर निघाली, तर दारात उमादेवी उभी. उमादेवी म्हणजे अर्पिताची आई, उमरग्याहून आलेली, जरीकाठी आणि गोडबोली.

"विहीणबाई, तुमी आतच बसा हं. सवाष्णींचं काम हाय. तुमाला काय सांगायचं, तुमी जाणत्याच."

सारजाबाईचा नवरा हिंमतराव जाऊन तीन वर्षं झाली होती. तिनं मुलाकडं पाहिलं. कुलदीप मोबाईल स्टँडवर बसवत होता.

"आई, तासाभराचा तर प्रश्न आहे," तो मान वर न करता म्हणाला.

तासाभराचा प्रश्न! अर्पिता पुन्हा कामावर जाऊ लागली तेव्हा चार महिने ढोकीत राहून या पोराला न्हाऊमाखू कुणी घातलं? त्याची टाळू तेलानं कुणी भरली? तेव्हा हिंमतराव काय जिवंत होते? तेव्हा हे हात चालले, कारण ते फुकटात राबत होते. आजही त्या हातांची बोरं चालत होती, फक्त ती ओतायला दुसरे हात हवे होते. सारजाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एसटीनं सरळ घरी जावं असं तिला वाटलं, पण बाहेर शिवराज खिदळत होता आणि तिचा पाय निघेना. ती स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि बाहेरचा हसण्याचा आवाज ऐकत राहिली.

मग ते हसणं एकाएकी थांबलं आणि पोरानं टाहो फोडला.

झालं होतं असं की उमादेवीनं सकाळी परातीवर ओलं फडकं टाकलं होतं. फुलांच्या गजऱ्यावर टाकतात तसं, बोरं ताजी राहावीत म्हणून! चार तासांत पाकाला पाणी सुटलं आणि सगळ्या बोरांचा चिकट लगदा झाला. वरची चमक बघून तोच लगदा तिनं पहिल्या मापासरशी पोराच्या डोक्यावर ओतला. मागोमाग चुरमुरे पडले आणि तेही त्यात रुतले. आता दोघीतिघी ते ओढून काढू पाहत होत्या आणि प्रत्येक ओढीला चार केस उपटत होत्या.

"पाक कच्चा ठेवला वाटतं विहीणबाईंनी," उमादेवी म्हणाली.

हे मात्र सारजाबाईला ऐकवलं नाही. ती उंबऱ्यात आली, तर परातीशेजारी ओलं फडकं पडलेलं.

"माझा पाक कच्चा? ओलं फडकं कुणी टाकलं ह्याच्यावर? साखरंला पानी दावलं तर ती काय करंल? हात काढा आधी! ओढू नका त्याचे केस, सांगून ठिवते!"

कुणी हलेना. उमादेवीनं तोंड उघडलं, पण अर्पिता रडवेली होऊन म्हणाली, "आत्याबाई, तुमी या. तुमीच बघा."

सारजाबाईनं कोमट पाणी आणलं. पोराला मांडीवर घेतलं, तांब्यातून थोडं थोडं पाणी सोडलं आणि बोटांनी एकेक बट मोकळी करत गेली. पाण्यात साखर विरघळत गेली. ती पुटपुटत होती आणि त्यातलं एकही पुटपुटणं गोड नव्हतं. शिवराज हुंदके देत देत गप्प झाला, आणि तिच्या पदराला चिकटलेलं बोर काढून चोखू लागला.

अर्पितानं त्याचं डोकं पुसलं, कोरडं झबलं घातलं. उमादेवीनं टोपलीतली साधी बोरं आणि चुरमुरे नव्यानं मापात भरून घेतले.

"बरं झालं बाई. आता द्या पोराला हिकडं, आन् तुमी आत जावा. परत पयल्यापासून करावं लागंल."

कुलदीपनं पुन्हा मोबाईलकडं हात नेला.

"ठिव ते खाली," सारजाबाई त्याच्यावर ओरडली. "माझ्या पोटचा तू, आन् आईला आत बशीवतोस? तुजा बाप मेला त्यात माझा काय गुन्हा?"

कुलदीपनं मोबाईल खाली ठेवला. सारजाबाई उठली ती आतल्या दिशेनं नव्हे. मधल्या पाटावर तिनं बैठक मारली, शिवराजला मांडीत घट्ट धरलं आणि म्हणाली,

"वता आता. दोघांवर वता."

"असं कुठं असतंय का?" उमादेवीचा आवाज चिरकला. "अर्पे, तू तरी सांग!"

अर्पितानं आईच्या हातून माप घेतलं. क्षणभर ती थबकली, मग दोघांच्या डोक्यांवर तिनं ते अख्खं रितं केलं. लेकरं आरडाओरडा करत बोरांवर तुटून पडली. सारजाबाईनं नातवाच्या डोळ्यांवर हात धरला होता, स्वतःचे डोळे मात्र तिनं सताड उघडे ठेवले होते, विहिणीवर रोखून.