खिशाचं झंपर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण शेवटाकडे मला स्वतःलाच हसायला जमत नाही. एका बाईनं शिवण शिकता शिकता नवऱ्याची गावभर शोभा केली. ती बाई कोण? अहो, मीच की!

एकाहत्तरची लढाई संपली होती. आमचे हे फौजेत. कुंडलजवळच्या आमच्या गावातले बहुतेक जवान रजेवर येऊन, उसाला पाणी पाजून परतसुद्धा गेले. ह्यांचं शेवटचं पत्र मात्र दिवाळीच्या आधीचं. संक्रांत गेली, शिमगा आला, पत्र नाही. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, रोज पोस्टमनच्या वाटेवर जाऊन बसायच्या आणि मी चुलीपुढे बसून रडायची. शेवटी त्यांनीच मला ग्रामपंचायतीतल्या शिवणवर्गाला लोटलं.

"जा, मशीन तरी फिरव. तू रडाय लागलीस की माज्याबी जिवाला घोर लागतो."

शिवणबाई म्हणाल्या, सरावाला जुनं कापड आणा. आता आमच्या घरात जुनं कापड कुठलं? लुगडं फाटलं की त्याची वाकळ, वाकळ फाटली की पोतेरं! धड कापड होतं ते ह्यांच्या ट्रंकेत. सांगलीच्या टेलरनं शिवलेले चार शर्ट आणि दोन पँटी. म्हटलं, त्यातला जुना निळ्या पट्ट्यांचा घेऊ. एका शर्टानं काय होतंय?

काय होतंय म्हणता? त्याचं मी झंपर बेतलं, तर दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या! उजवा हात वर होईना, डोक्यावर घागर चढेना. बगलेत तुकडा घालायला म्हणून दुसरा शर्ट कापला. शिवणबाईंनी झंपर उलटसुलट करून बघितलं.

"अगं इंदू, शर्टाचा खिसा तसाच राहिला की छातीवर!"

"राहू दे बाई. सुपारी ठेवीन."

सगळा वर्ग हसला. मीही हसले.

त्याच आठवड्यात खालच्या गल्लीत एका घरी तार आली. त्यांचा फौजेतला मुलगा जखमांनी गेला होता. ते रडणं आमच्या घरापर्यंत ऐकू येत होतं. त्या दिवशी मी ट्रंक उघडली आणि तिसरा शर्ट कापला. मग चौथा. पँटींच्या पिशव्या झाल्या. सराव तर केव्हाच झाला होता, पण कात्री काही थांबेना.

आणि चार दिवसांनी सकाळी सकाळी हे दारात उभे! अंगावर वर्दी, उजवा हात गळ्यात अडकवलेला. गोळी लागून दवाखान्यात होते. लिहिता येत नव्हतं, आणि दुसऱ्याचं अक्षर बघून आई घाबरेल म्हणून कुणाकडून लिहूनही घेतलं नाही. काय म्हणावं ह्या माणसाला?

आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. रडणं झालं, अंघोळ झाली, आणि हे पंचा गुंडाळून ट्रंकेपाशी गेले.

"इंदू, माजी कापडं कुठं हायत गं?"

ट्रंकेत फक्त डांबराच्या गोळ्या होत्या.

"आवं, त्ये... शिवणाला..."

ह्यांनी माझ्या अंगावरच्या निळ्या पट्ट्या बघितल्या. "ह्यो माजा शर्ट न्हवं?"

हे असे ताडमाड, भावकीत कुणाचा सदरा अंगात शिरेना. झालं, पुन्हा वर्दी चढवली. वर्दीत मळ्यात गेले, तर गावभर बोभाटा, सदाला परत बोलावणं आलं! संध्याकाळी बाया आरत्या घेऊन दारात हजर. हे सांगतायत, "आवं, मी कुठं बी जात न्हाई," पण ऐकतंय कोण? ओवाळून, नारळ हातात देऊन मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी हे गावातच, आणि वर्दीतच. मग कुजबुज सुरू झाली, की पोरगं फौजेतनं पळून आलंय. तिसऱ्या दिवशी पोलीस पाटील सोप्यात येऊन बसले. मागे निम्मी गल्ली.

"सदा, खरं सांग गड्या. रजा हाय, का न सांगता आलास?"

"ह्यो बघा की रजेचा कागद!"

"मग तीन दिस वर्दी कशापायी?"

"बायकोनं कापडं कापली माजी! समदी!"

पाटील पोट धरून हसले. दारातल्या बाया हसल्या. मग पाटील हसता हसता थांबले आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मंजी पोरी, ह्यो आता येत न्हाई असं तू धरूनच चालली हुतीस व्हय?"

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. धरणीनं पोटात घ्यावं, असं झालं मला.

सगळे गेल्यावर ह्यांनी विचारलं, "माजी आशा सोडली हुतीस?"

खोटं बोलायला जीभ वळेना. "तार आली त्या दिवशी सोडली," म्हटलं, आणि रडू फुटलं.

ह्यांनी माझ्या छातीवरच्या खिशाकडे बघितलं. मग म्हणाले, "तर मग ह्यो खिसा कशाला ठिवलास?"

मी खिशातून त्यांचं दिवाळीआधीचं पत्र काढून हातात दिलं. घामानं अर्धी अक्षरं पुसून गेली होती. ह्यांनी ते बघितलं, पुन्हा घडी घातली आणि मला परत दिलं.

"ठेव तितंच."

दुसऱ्या दिवशी नवं कापड आणून मी ह्यांना शर्ट शिवला. बाह्या? पुन्हा दोन्ही डाव्याच! दुखरा हात त्यात कसाबसा कोंबून हे रजाभर तोच शर्ट घालून हिंडले. विचारेल त्याला सांगायचे, "आमच्या मंडळींनी शिवलाय."

ह्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. कपाटात सात शर्ट आहेत, सगळे माझ्या हातचे, बाह्या सरळ. गल्लीतल्या सगळ्यांचे कपडे मी लहानमोठे करून देते. सून म्हणते, "आई, ह्ये शर्ट पण बारीक करून पोराला द्या की. आता कोण घालणार हाय?"

बरोबर आहे तिचं. पण मागच्या खेपेला मी घाई केली, आणि माणूस पंचा गुंडाळून ट्रंकेपुढे उभा राहिला. तीच चूक पुन्हा कशाला करू?