माझ्यावरचं तिसरं कडवं

इकडे आखातात, रोल्लातल्या माझ्या कापडाच्या दुकानात चाचा पहिल्यांदा आले ते स्टेजच्या कोटासाठी लाल सॅटिन घ्यायला. दिवसा ते एका गोदामात स्टोअरकीपर होते आणि सुट्टीच्या संध्याकाळी आपल्या लोकांच्या कार्यक्रमांत गायचे. गाणी स्वतः लिहायची, दर कडव्याला टोपी बदलून नवा माणूस व्हायचं, पेटी वाजवता वाजवता मध्येच उठून गिरकी घ्यायची. कापड चाळीस दिरहमचं, म्हणजे तेव्हाचे जवळजवळ पाचशे रुपये. मी काही सोडेना, तेही सोडेनात. अर्धा तास भांडलो, मध्येच गावी निघालेल्या एका गिऱ्हाइकाला कापड कापून दिलं, आणि मग चहा प्यायलो. तिथून आमची दोस्ती.

त्यांची गाणी आमच्याच माणसांवर असत. करामा भागातला खानावळवाला, घोरणारा रूम पार्टनर, बायकोला घाबरणारा मॅनेजर. ज्याच्यावर गाणं, त्याला आधी ऐकवायचं आणि त्याला खुपेल ती ओळ त्याच्यासमोर खोडायची, हा त्यांचा नियम होता.

माझ्यावरही त्यांनी लिहिलं होतं. दुकानातच वाचून दाखवलं. पहिल्या कडव्यात मी विमानतळावर बॅगेच्या वजनासाठी हुज्जत घालतो. म्हटलं, खोडा. दुसऱ्यात मुलगी झाल्यावर डॉक्टरकडे बिलात सूट मागतो. हे खरं होतं, म्हणून जास्तच भडकलो. "खलास, हेही खोडा," म्हणालो आणि पुढचं न ऐकता दुकानामागच्या माझ्या गोदामात निघून गेलो.

त्यानंतर वीस वर्षं सगळ्या गावावर गाणी झाली, माझ्यावर एकही नाही. हा राग मी मनात जपून ठेवला.

गेल्या वर्षी चाचा कायमचे रायगडला परत निघाले. शेवटच्या कार्यक्रमाच्या सकाळी कोटाच्या कोपराला ठिगळ लावायला तेच लाल सॅटिन मागत आले. मला राहवलं नाही.

"चाचा, सगळ्यांवर गायलात. मीच काय वाकडं केलं होतं?"

"शेठ, तिसरं कडवं तुम्ही ऐकलंच नाही. ऐकवल्याशिवाय मी गात नाही."

"मग आता ऐकवा."

"आता ऐकवलं तर पुन्हा कात्री घ्याल. हॉलमध्ये ऐका. तिन्ही गाईन. नाहीतर राहू द्या."

माल न बघता मी आयुष्यात सौदा केलेला नाही. ठिगळ कापलं, घडी घातली, परत उलगडली. शेवटी म्हणालो, गा.

हॉलमध्ये पहिल्या दोन कडव्यांना लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. माझे कान तापले. शेजारी बसलेली मुलगी, जिच्या जन्माच्या बिलात मी सूट मागितली होती, डोळे पुसत म्हणाली, "पप्पा, धिस इज सो यू."

मग चाचांनी टोपी काढून ठेवली. तिसऱ्या कडव्यात ते डोक्यावर काही न घालता गायले. हा शेठ भावात कुणाला ऐकत नाही, पण गावी निघालेला माणूस पोरीच्या फ्रॉकसाठी कापड घ्यायला आला की कात्री लावताना वीतभर जास्त सोडतो. आणि कुणी पाहिलंच, तर त्याच्यावरच ओरडतो.

हे त्यांनी त्या पहिल्या अर्ध्या तासात पाहून ठेवलं होतं. मी मान खाली घालून चष्मा पुसत बसलो.

चाचा गावी गेले. आता दुकानात जो तो सांगतो, मी गावी निघालोय, आणि मी कापड कापताना माझ्या हाताकडे टक लावून बघतो. फोनवर मी त्यांच्यावर खूप ओरडलो. ते पेटी वाजवत राहिले.