दगडाशेजारची डबी

प्रयोगशाळेच्या तळघरात कपडे धुणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. वरच्या मजल्यावर आकाशातून पडलेले दगड तपासले जात, आणि तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पांढरा झगा घालावा लागे. ते झगे धुवायचे, वाळवायचे, घड्या घालून पिशव्यांत बंद करायचे, हे मावशींचं एकोणीस वर्षांचं काम. झग्यावरचं काहीही दगडाला लागता कामा नये, म्हणून साबण बिनवासाचा. हाताला तेल नाही, अत्तर नाही, काही म्हणजे काही नाही. "लग्नात कुणी अत्तरदाणी घेऊन आलं की मी मागच्या दाराने पसार," असं त्या हसून सांगत.

त्या हिवाळ्यात मात्र हातांनी दगा दिला. बोटांना भेगा पडल्या, घड्या घालताना रक्त येऊ लागलं. घरी सासूबाई मलम करत. त्यात मधमाश्यांचं मेण, तेल आणि वरून भरपूर टोमणे. "हात झडून गेले की तुझे साहेब नवे देणार आहेत का?" असं म्हणत त्यांनी एका पोचा आलेल्या डबीतलं मलम स्वतः सुनेच्या बोटांना चोळलं. सहा रात्री चोळलं. मावशी सकाळी दोनदा हात धुवून कामावर जात आणि मनाला सांगत, गेलं असेल सगळं. मनाला काय, सांगाल ते पटतं.

नेमका त्याच आठवड्यात तो दगड आला. आगीचा गोळा आकाशातून जाताना गच्च्यांवरच्या कॅमेऱ्यांनी टिपला होता. त्यावरून शास्त्रज्ञांनी त्याची वाट उलटी काढली. पृथ्वीच्या कक्षेजवळून फिरणाऱ्या एका लघुग्रहाचा तो तुकडा असावा, असं निघालं. कुठे पडला असेल तेही काढलं आणि अवकाळी पाऊस यायच्या आत माळावरून उचलून आणला. लिंबाएवढा, काळा. असा ताजा दगड नशिबानेच हाती लागतो.

तीन आठवड्यांनी डॉक्टरबाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, झगा न्यायला खाली आल्या. चेहरा उतरलेला.

"काय झालं हो?" मावशींनी विचारलं.

"दगडात मेण सापडलंय, मावशी."

"मग चांगलंच की!"

"कसलं चांगलं! आम्ही खोलीत एक स्वच्छ पत्रा उघडा ठेवतो, साक्षीदार म्हणून. जे त्याच्यावर सापडेल ते आपल्याकडचं. मेण त्याच्यावरही आहे. हवेच्या गाळण्या पाहिल्या, पिशव्या पाहिल्या, कुठून आलं पत्ताच नाही. आणि ते कळलं नाही, तर या दगडातलं काहीच कुणी खरं मानणार नाही."

मावशींनी हात झग्याखाली लपवले. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालत होतं, आणि गेल्याच वर्षी हातावर क्रीम लावून आत गेलेल्या एका तंत्रज्ञाला, ते उघडकीला आल्यावर दुसऱ्याच दिवशी नारळ मिळाला होता. दुपारचा डबा तसाच राहिला. आपण गप्प बसलो तर कुणाच्या बापाला कळणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेच त्यांना सोसवेना. शेवटी चार वाजता त्या जिना चढून वर गेल्या आणि डॉक्टरबाईंच्या टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले.

"मी लावलं होतं. मलम. सहा दिवस. घड्या मीच घातल्या. आता काढायचं तर काढा."

डॉक्टरबाईंनी पुढे वाकून त्या भेगा पाहिल्या. "मावशी, त्या माणसाने महिनाभर लपवलं होतं. तुम्ही स्वतःहून आलात." मग त्यांचा आवाजच बदलला. "डबी आहे अजून? उद्या आणा. अहो, मलमात नेमकं काय आहे ते कळलं, की तेवढं बाजूला काढता येईल. उरेल ते दगडाचं! तुम्ही दगड वाचवलात, मावशी. आणि हाताचं आधी का नाही बोललात? चूक आमचीही आहे. आम्ही कधी विचारलंच नाही."

मलम बाजूला काढल्यावर खरंच काही उरलं. सजीवांच्या शरीरात सापडतात तशी काही आम्लं, पण माणूस जन्मायच्या कितीतरी आधी, दूर कुठेतरी तयार झालेली. मावशींची नोकरी राहिली. तळघरातही एक साक्षीदार पत्रा आला. हात बरे होईपर्यंत घड्या घालायला दुसरी बाई आली.

आणि डबी? ती दगडाशेजारच्या कपाटात, सीलबंद. पुढे शंभर वर्षांनी कुणी तो दगड तपासला, तर त्याला हे मलमही तपासता यायला हवं. सोबतच्या कागदावर घटक लिहायचे होते आणि खाली एक ओळ होती, 'बनवणाऱ्याचे नाव'. मावशींनी सासूबाईंचं पूर्ण नाव लिहिलं. संसाराच्या बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "आई, तुम्ही चोळून दिलंत म्हणून हात राहिले. फार उपकार झाले तुमचे. हे कधीच म्हणायचं राहून गेलं होतं."

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि मग नेहमीसारख्या कडाडल्या. "शंभर वर्षं ठेवणार? अगं, मग आधी सांगायचंस की! पोचा आलेली डबी दिलीस होय? लोक काय म्हणतील मला?"