ग्लेनिसचं उघडं राहिलेलं मशीन

एरॉल ट्रेगेन्झा दर महिन्याला एक पत्रक काढतो आणि ईमेलने पाठवतो. साध्या कम्प्युटरवर डेटाबेस बांधणाऱ्यांसाठी. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत काय बिघडलं, कुठलं बटण कुठे हलवलं, फाइल फुगली तर काय करायचं. ऑस्ट्रेलियातल्या व्हायअल्लाच्या पोलाद कारखान्यातून कामावरून कमी केल्यावर तो हे सगळं स्वतःच शिकला. मीही कुणाच्या शाळेत शिकले नाही, म्हणून आमचं पटतं. म्हणजे भांडण होतं, पण पटतं.

आमच्या भाडेकरू संघटनेची यादी त्यानेच बांधून दिली. ऑफिस त्याच्याच गॅरेजमध्ये. नावं टाकायची त्याची बायको ग्लेनिस, स्वयंपाकघरामागच्या खोलीत बसून. तिथेच ती खुर्चीवरून कोसळली. हॉस्पिटलमधून परत आली नाही.

त्या महिन्याचं पत्रक वेळेवर आलं. बॅकअप कुठे ठेवावा यावर पानभर, ग्लेनिसवर एक ओळ नाही. माझं डोकं फिरलं. तडक त्याच्या घरी गेले.

"दगड आहेस का रे तू?"

"असेन," तो म्हणाला आणि चहाला आधण ठेवलं. फ्रीजमध्ये शेजाऱ्यांनी आणून दिलेले कॅसरोल झाकण न उघडता पडले होते.

मग घरमालक कंपनीने आमची अख्खी गल्ली रिकामी करायची नोटीस दिली. सुनावणीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना फोन करून बोलवायचं, तर यादी बिघडलेली. एकाच्या नावापुढे दुसऱ्याचा नंबर. माणसं आली नाहीत तर घरं गेली, इतकं सरळ.

"फाइल दाबून, आतली रिकामी जागा काढून दुरुस्त करावी लागेल. अर्ध्या मिनिटाचं काम," एरॉल म्हणाला.

"मग कर."

"होत नाही. फाइल कोणीतरी उघडी ठेवलीय. आत कोणी असलं की दुरुस्ती चालत नाही."

"कोणी? इथे तू आणि मीच तर आहोत."

त्याने स्क्रीनकडे बोट केलं. तिथे मशीनचं नाव होतं: ग्लेनिस.

मागच्या खोलीत तिचा कम्प्युटर तेव्हापासून चालूच होता. फॉर्मवर नवी नोंद. नावाच्या चौकटीत फक्त 'मा'. बाकी सगळं कोरं.

"बंद कर की," मी म्हटलं.

"सेव्ह होत नाही. फोन नंबराशिवाय नोंद घ्यायचीच नाही, असं मीच बांधलंय."

"शून्यं टाक दहा."

"खोटे नंबर टाकू नका म्हणून वर्षानुवर्षं लोकांना लिहीत आलोय, रेलीन."

"तिथे माणसं रस्त्यावर येतायत आणि तू मला नियम सांगतोस? प्लग ओढते मी."

"ओढ. फाइल पुरती मरेल. तेही मी लिहिलंय."

मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. पण त्याच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. बसचं वेळापत्रक वाचावं तसा बोलत होता. मी प्लग ओढला नाही. माझ्या बाबतीत हे क्वचित होतं.

"'मा' म्हणजे कोण असेल?" त्याने विचारलं.

"मालोनी असतील. मार्गोची पोरगी असेल. मला काय माहीत."

"मलाही नाही."

तो तिच्या खुर्चीत बसला नाही. उभ्यानेच वाकला. एस्केप एकदा दाबलं, चौकटीतलं 'मा' गेलं. पुन्हा दाबलं, नोंद गेली. मग फॉर्म बंद केला, फाइल बंद केली. एखाद्या गिऱ्हाइकाचं काम करावं तसं, क्रमाने.

गॅरेजमध्ये परत येऊन त्याने स्क्रीन बघितली.

"आता आत कोणी नाही," तो म्हणाला आणि दुरुस्ती चालू केली.

स्क्रीनवरची पट्टी भरत गेली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. नावं आपापल्या नंबरांपुढे आली.

"झालं," एरॉल म्हणाला. "लाव फोन."

मी फोन उचलला आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली.