टॅनरची पिकअप, ब्रिनलीची कबुतरं

ब्रिनली यॉर्गेनसनला चर्चतर्फे दूर कुठेतरी धर्मप्रचाराच्या सेवेला जायचं होतं, आणि ते तिचं तिने ठरवलं होतं. अर्ज भरला, त्याला लागतो म्हणून दातांच्या डॉक्टरचा दाखला घेतला, रविवारच्या तयारीच्या वर्गाला एकदाही दांडी मारली नाही. बाकीचा आठवडा मात्र तारेवरची कसरत. सकाळी कबुतरांना दाणा, मग कॉलेज, दुपारी कुस्तीचा सराव, संध्याकाळी फिडलचा रियाज, आणि जेवण झाल्यावर धर्मग्रंथाची पानं. दमून जायची, पण कुरकुर कधी केली नाही.

आमच्या सॅनपीट खोऱ्यात दुसऱ्याच्या पोरीच्या वेळेची काळजी वाहणारे पैशाला पासरी. बिशप ओल्सन आठवडाभर टायर विकतो आणि रविवारी आम्हा सगळ्यांच्या आत्म्यांचं पाहतो. त्याने तिला बोलावून सांगितलं की देवाच्या कामाला जायचं तर मन एका ठिकाणी हवं, छंद वेदीवर ठेवावे लागतात. स्वतः मात्र दर शनिवारी गळ घेऊन तलावावर हजर. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तरी पोरीने ऐकलं. कुस्ती सोडली, फिडल रविवारपुरती ठेवली. कबुतरं मात्र सोडवेनात. शर्यतीची होती ती, अंड्यापासून तिने वाढवलेली. मग तिच्या बापाने, लॅमारने, तिचा भार हलका करायचं मनावर घेतलं. ती कॉलेजात असताना त्याने सगळी कबुतरं पिंजऱ्यात भरली आणि डोंगरापलीकडे डेल्टाला, आपल्या धाकट्या भावाला व्हर्लला देऊन टाकली. तिला विचारलं नाही की सांगितलं नाही. संध्याकाळी विचारलं तर म्हणे, तुझ्याच भल्यासाठी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि का जाऊ नये? थोरला भाऊ टॅनर दोन वर्षं ब्राझीलला सेवेत होता, तेव्हा त्याची लाल पिकअप याच बापाने कोठारात ताडपत्रीखाली जपली. बॅटरी उतरू नये म्हणून दर शनिवारी जाऊन इंजिन चालू करायचा. तेव्हा कुठे गेली होती वेदी? मुलींची सेवा तर दीडच वर्षाची. आणि हा माणूस टर्की पाळतो, शेडमध्ये हजारोंनी पक्षी, दाण्याच्या पोत्यांची थप्पी. त्याला मूठभर कबुतरांचा दाणा जड झाला!

दोन आठवडे ती बापाशी कामापुरतं बोलली. मग सेवेचं बोलावणं आलं, कुठे जायचं ते सांगणारं. ते फोनवर येतं, पण एकट्याने वाचायची रीत नाही. सगळं गणगोत परसात जमलं, बिशपही आला, मावश्यांनी चीज घातलेल्या बटाट्यांची परात आणि हिरवी जेली आणली. टेबलावर जगाचा नकाशा पसरला, आणि पोरगी कुठे जाणार याच्या अंदाजाने जो तो टाचण्या टोचू लागला. ब्रिनलीने फोन उघडला आणि घसा साफ केला.

तेवढ्यात खुराड्याच्या छपरावर फडफड झाली. निळी मादी उतरली, मागून आणखी दोन, मग सगळीच.

व्हर्लने कपाळावर हात मारला. दोन आठवडे कोंडली होती, आता रुळली असतील, म्हणून निघताना मोकळी सोडली, असं तो सांगत राहिला. शर्यतीचं कबुतर घर विसरतं असं वाटणारा माणूस टर्कीवाल्याच्या खानदानातच निघायचा.

"त्यांनापण बोलावणं आलं वाटतं," टॅनर म्हणाला, आणि सगळे हसले.

ब्रिनली हसली नाही. कबुतरं बंद दारावर चोची मारत होती. तिने फोन नकाशावर ठेवला, जाऊन कडी काढली. आत टॅनरच्या पिकअपचे हिवाळी टायर रचलेले होते. तिने एकेक टायर उचलून हिरवळीवर फेकला. हसणं आपोआप थांबलं.

"ब्रिन, सगळे खोळंबलेत गं," आई म्हणाली.

"खोळंबू दे. हीपण खोळंबलीत."

बिशप हातात ताटली घेऊन पुढे झाला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला की आजचा दिवस देवाचा आहे.

"बिशप, देवाने मला बोलावलंय. कबुतरं देऊन टाक, असं त्याने कुठे म्हटलंय ते दाखवा. मी आत्ता देते." मग ती बापाकडे वळली. "बाबा, टॅनरची गाडी तुम्ही दोन वर्षं मरू दिली नाहीत. ती लोखंडाची होती. ही जिवंत आहेत."

बिशपने ताटलीत आणखी जेली वाढून घेतली. लॅमार शेडकडे चालू लागला. राग आला असेल असंच सगळ्यांना वाटलं. तो परतला तेव्हा त्याच्या हातात दाण्याची बादली होती.

"किती घालायचं?"

"मूठ मूठ. आणि पाणी बदलायचं."

"शनिवारी?"

"रोज, बाबा," ती म्हणाली, आणि फोन उचलून पहिल्या ओळीपासून वाचू लागली.