रवी हिवराळेचं डोकं

रवी हिवराळे चीवर घेणार, भन्ते होणार, आणि जानेफळच्या गवईंची पोरगी त्याच्याशी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होऊन तशीच राहणार, अशी कुजबुज आमच्या पिंपळगाव राजात सुरू झाली तेव्हा मी रवीच्याच दुकानातल्या बाकावर बसून त्याच्याच पैशाचा चहा पीत होतो. अशी बातमी हाती आल्यावर ती पोटात ठेवून घरी जाणारा माणूस मी नव्हे.

रवी मोटारी भरतो. विहिरीवरची, बोअरची जळालेली मोटार आणा, हा जुनी तार काढून नवी तार एकेका खाचेत बोटाने अशी बसवतो की बघत राहावं. हात देवमाणसाचा, पण डोकं लवकर उजाड झालेलं. पंचविशीत कपाळ माथ्यापर्यंत गेलं. तीन ठिकाणच्या पोरींनी फोटो बघूनच नाही सांगितलं. मनाली गवईने मात्र समोर बसून चहा घेतला, मोटार कशी भरतात ते विचारलं आणि हो म्हणाली. दिवाळीनंतर साक्षगंध झालं, लग्न उन्हाळ्यात ठरलं.

साक्षगंध उरकलं आणि रवी आठवडाभर गायब. परत आला तो एसटीतून, डोक्याचा गोटा करून, वर टोपी. स्टँडवर सहदेवकाका भेटले. काका म्हणजे आमच्या विहाराचा कणा, निवृत्त मास्तर. त्यांना तो गोटा दिसला आणि डोळेच भरून आले.

"जय भीम, रवी! काऊन बे, सांगतलं नाही? श्रामणेर शिबिराले गेलता का?"

गडबडीत रवी म्हणाला, "हाव."

पुढचं सगळं त्या एका शब्दाने केलं. श्रामणेर शिबिरात लोक काही दिवसांपुरती दीक्षा घेतात, डोकं भादरतात, नेमाने राहतात आणि परत येऊन संसाराला लागतात. आमच्याकडची कितीतरी पोरं जाऊन आली. पण रवीची लक्षणं वेगळी निघाली. त्याने तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला. पार्टीला बोलावलं तर हात जोडू लागला. त्याची आई सुभद्राबाई शेजारच्या जनकाबाईला म्हणाली, "पोट्टा रातभर उशा लावून बसूनच झोपते, माय. ध्यान करते वाटते." जनकाबाईच्या कानात घातलेली गोष्ट सकाळी पाण्याच्या टाकीवर सापडते. तिने स्वतःची भर घातली: "अन् वाकतही नाही आता कोणाच्या पायाले. भन्ते कुठी वाकतात?"

झालं. सहदेवकाकांनी त्याला रविवारी वंदनेला पुढे बसवलं. रवी पंचशील म्हणे, गाव मागून म्हणे. आवाज चांगला होता पोराचा. फक्त चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, त्याला दर वेळी खोकला येई. मी मागे खांबाला टेकून बसायचो. खोकला मी ओळखून होतो, कारण कळत नव्हतं.

महिना गेला, दुसरा सरत आला. शिबिरातून आलेल्या पोरांचे केस एव्हाना भांग पाडण्याजोगे होतात. रवीचं डोकं तसंच गुळगुळीत. घरी मशीन आणून तो स्वतःच कडेचे केस उडवायचा, हे जनकाबाईने खिडकीतून पाहिलं. आता शंका कशाला? माणूस कायमचा चालला!

बातमी जानेफळला पोचली. एका रविवारी रवी चौथ्या शीलापाशी खोकत होता तेव्हाच मनालीचे वडील चंद्रशेखर गवई मोटरसायकलवरून विहारासमोर उतरले. मागे मनाली. वंदना संपल्यावर आत येऊन त्यांनी बुद्धमूर्तीला वंदन केलं आणि रवीकडे वळले.

"जो चीवर घेते, त्याच्यापुढं मी हात जोडतो. पण मंग साक्षगंध काऊन केलं? आज सगळ्यायसमोर सांगून टाका. पोरगी मोकळी होईल."

काकांच्या चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता. रवी गप्प बसला असता तर जन्मभर गावाने त्याला मान दिला असता आणि पोरगी गेली असती. त्याने मनालीकडे पाहिलं. ती टोपीकडे पाहत होती.

रवीने टोपी काढली. माथाभर बारीक लाल ठिपके, शेतात नुकतं टोकण केल्यासारखे.

"काका, मी शिबिराले गेलोच नव्हतो. तुम्ही इचारलं अन् माह्या तोंडून हाव निघालं. मी अकोल्याले केस लावाले गेलतो. डॉक्टरनं सांगतलं, बसून झोप, वाकू नको, खर्रा बंद, दारू बंद."

मग जनकाबाई उठून जवळ गेली, डोळे बारीक करून तिने माथा तपासला.

"मंग केस कुठी हायेत बे?"

"गळले."

विहारात असं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. चंद्रशेखर गवई भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत होते. रवी मात्र खाली बसला नाही. मोटारीच्या गिऱ्हाइकाशी बोलतो त्याच सुरात म्हणाला, "हसा. लावलेले केस पहिले गळतातच, मावशी. मूळ आत राह्यते. दोन-चार महिन्यांत नवे निघतात. नवी भरलेली मोटार पहिल्या दिवशी वास मारते, तं आपण फेकून देतो का?"

"माही तं वास मारून जळलीच होती बे!" सहदेवकाका ओरडले. रागावले होते की हसत होते, त्यांनाही सांगता आलं नसतं.

मनाली पुढे आली. "मी टकल्यालेच हो म्हटलं होतं. मले इचारलं असतं तं आठ दिवस वाचले असते तुमचे."

"लग्नात चांगलं दिसावं म्हणून..."

"ते राहू द्या. चौथं शील म्हणा. खोकला न येता."

रवीने म्हटलं. खोकला आला नाही. सहदेवकाकांनी पुढच्या रविवारीही त्यालाच पुढे बसवलं. म्हणाले, आता हा शील सांगाले लायक झाला.

लग्न ठरल्या तारखेला झालं. तोवर माथ्यावर कोवळं, पातळ, उन्हात तांबूस दिसणारं पीक वर आलं होतं. आता तर तो मोटार भरताना कपाळावरची झुलूप मनगटाने मागे सारतो, गरज नसतानाही सारतो, आणि मी बाकावरून मोजून टोमणे मारतो. खर्रा पुन्हा धरला नाही. ते खातं मनालीकडे आहे.

पण वडनेर भोलजीच्या बाजूला अजून सांगतात की पिंपळगावचा एक भन्ते पोरीपायी चीवर टाकून संसारात आला.

रवी भन्ते झाला नव्हता. त्याने डोक्यात केस लावून घेतले होते आणि ते गळले होते.