दुर्बिणीची चार भोकं

डॉक्टर रेमेत्स दुकानात शिरला की विंको लाम्प्रेटच्या कपाळाला आठी पडे. कोचेव्हियेच्या जंगलाकाठी विंको चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करत होता, आणि हा दातांचा डॉक्टर नुसत्या जमवत होता. घरी काचेच्या कपाटात एकतीस शिकारी रायफली, पण गड्यानं आयुष्यात एक ससा मारलेला नाही.

आज तो पांढरे हातमोजे चढवून त्सिरिलच्या रायफलीवर वाकला होता. त्सिरिल हा म्हातारा शिकारी वसंतात वारला. जाताना बायकोला, युस्टिनाला, म्हणाला होता की रायफल नेदाला दे. नेदा म्हणजे कुत्रा घेऊन जखमी जनावरांचा माग काढणारी पोरगी. पण डॉक्टर ती विकत मागत महिनाभर युस्टिनाच्या खनपटीला बसला होता, म्हणून ती विंकोचं मत विचारायला आली होती.

"सगळे नंबर जुळतात," डॉक्टर लाळ गिळत म्हणाला. "नळीची झाक मूळचीच. आणि वर दुर्बिणीसाठी एकही भोक नाही! एक जरी असतं ना बाई, तरी मी हिच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. भोक न पाडणाऱ्या कारागिराच्या पायाच पडायला हवं."

विंकोला स्वतःचीच किळस आली. तो कारागीर म्हणजे तो स्वतःच होता.

रायफल विंकोच्या बापानं घडवलेली. तीन वर्षांपूर्वी नजर अधू झाल्यावर त्सिरिल तीनदा आला होता. "दुर्बीण बसवून दे रे, नेम धरायची नळीवरची माशीच दिसत नाही मला."

"माझ्या बापाच्या कामाला भोक? चल, चालता हो!"

त्याच शरदात त्सिरिलची गोळी एका हरिणीच्या पोटात लागली. नेदाच्या कुत्र्याला ती तिसऱ्या दिवशी सापडली. जिवंत होती, जखमेत अळ्या पडलेल्या. नेदानं तिला मारून वेदनेतून सोडवलं आणि रिवाजाप्रमाणे शिकाऱ्याच्या मानाची, रक्तात बुडवलेली डहाळी त्सिरिलच्या टोपीत खोचायला पुढे केली. त्यानं ती घेतली नाही. रायफल मेणकापडात गेली ती कायमची.

"वहिनी," विंको म्हणाला, "त्सिरिलनं दुर्बीण मागितली होती. मी हाकलून दिलं. ती हरिणी माझ्यामुळे सडली."

"ठाऊक आहे. त्यांनी तुम्हाला कधी नावं ठेवली नाहीत. मी मात्र रोज ठेवत होते."

"भोकं पाडू?"

"पाडा."

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला!" डॉक्टर किंचाळला. विंकोनं त्याच्या हातमोज्यांतून रायफल ओढून घेतली आणि शिकंज्यात आवळली. बापाचं पोलाद टणक, ड्रिलखाली करकरत होतं. दुसऱ्या भोकाला डॉक्टर दार आपटून निघून गेला. चौथं झाल्यावर विंकोनं हात पुसले.

युस्टिनानं रायफलीवरचा लोखंडाचा कीस उघड्या तळव्यानं झटकला.

"तीन वर्षं उशीर केलात, भावजी," ती म्हणाली, आणि रायफल घेऊन नेदाच्या घराकडे निघाली.